राहत्या कॅसलच्या बागा: एका दिवसात काय पाहावे?

मुलुंडचा_वाटसरू

सर्वांना नमस्कार. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब ब्रिटनला जाणार आहोत. लंडनमध्ये मोठ्या बहिणीकडे मुक्काम आहे आणि शेवटचे काही दिवस एडिंबरामध्ये काढायचे ठरले आहे. बरोबर आई (वय ७४, गुडघे कुरकुरतात) आणि दोन मुले (वय ११ आणि ६) असतील. या प्रवासातला एक पूर्ण दिवस एखाद्या जुन्या घराण्याच्या कॅसलसाठी राखून ठेवावा, असा आमचा विचार आहे. अट एवढीच की ते निव्वळ संग्रहालय नसावे. ज्या घराण्याने ती वास्तू पिढ्यान्पिढ्या सांभाळली, त्याचा तिच्याशी आजही संबंध असावा आणि आवारात बाग, तळे, हरणे, मुलांना धावायला जागा असे काहीतरी असावे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. कोल्हापूरचा न्यू पॅलेस, बडोद्याचा लक्ष्मीविलास आणि सावंतवाडीचा राजवाडा पाहिल्यावर मला असे वाटू लागले आहे की तलवारी, तसबिरी आणि पेंढा भरलेले वाघ कुठेही गेलो तरी सारखेच असतात. त्यामुळे दालने अर्ध्या तासात उरकावीत आणि उरलेला दिवस बाहेर घालवावा. पत्नीला हे अजिबात पटत नाही. तिच्या मते एवढे पैसे मोजायचे ते आतली वास्तू पाहण्यासाठीच. जाणकारांनी आपले अनुभव आणि मते सांगावीत.

खिडकीपाशी_बसणारी

आधी छत्र्या किती न्यायच्या ते ठरवा. कॅसल सावकाश ठरवता येईल.

पार्ल्याची_माळीण

लंडनहून एडिंबराला रेल्वेने जाणार असाल, तर नॉर्दम्बरलँडमधला ॲनिक कॅसल वाटेवरच आहे. न्यूकॅसलच्या पुढे ॲल्नमथ नावाचे लहान स्टेशन लागते. तिथून गाव काही मैलांवर आहे आणि बस मिळते. १३०९ सालापासून ही वास्तू पर्सी घराण्याकडे आहे आणि नॉर्दम्बरलँडचे ड्यूक (ड्यूक, मार्क्विस, अर्ल हे ब्रिटिश उमरावांचे किताब) आजही तिथे राहतात. इंग्लंडमधल्या राहत्या कॅसलांमध्ये आकाराने विंडसरनंतर याचाच क्रमांक लागतो. जादूच्या शाळेवरच्या त्या प्रसिद्ध चित्रपटांपैकी सुरुवातीच्या चित्रपटांचे काही चित्रीकरण इथे झाले होते, म्हणून अंगणात मुलांना झाडूवर बसून उडण्याचे धडे देतात. आपला सहा वर्षांचा चिरंजीव तिथून हलणार नाही, याची तयारी ठेवावी.

मात्र माझ्या दृष्टीने खरे आकर्षण शेजारची बाग आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी, की कॅसल आणि ॲनिक गार्डन या दोन वेगळ्या संस्था आहेत आणि दोन्हींचे तिकीट वेगळे काढावे लागते. ओसाड पडलेल्या जुन्या बागेच्या जागी डचेस जेन पर्सी यांनी पुढाकार घेऊन ही नवी बाग उभी केली आणि तिची आखणी बेल्जियमच्या वर्ट्झ पितापुत्रांनी केली. मधोमध टेकडीच्या उतारावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा पाण्याचा मोठा प्रवाह आहे. ताइहाकू जातीच्या जपानी चेरीची तीनशेहून अधिक झाडे एकाच उतारावर लावली आहेत. ती एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीला फुलतात. आपण मेच्या शेवटी जाणार असाल, तर तो बहर आपल्याला मिळणार नाही.

तिथली विषारी वनस्पतींची बाग तर मी तासभर पाहत होते. काळ्या लोखंडी दारावर कवटीचे चिन्ह आहे, मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत, आणि कशालाही हात लावायला किंवा कशाचा वास घ्यायला सक्त मनाई आहे. एवढ्या थाटामाटाने आत गेल्यावर समोर कोण उभे, तर आपला एरंड! जो मध्य रेल्वेच्या रुळांकडेला कचऱ्यातून उगवतो आणि ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या बियांमधले रायसिन खरोखरच प्राणघातक असते, त्यामुळे त्याला हा मान अयोग्य आहे असे म्हणता येणार नाही. कुचलाही तिथे आहे. आपल्या आईंना ही बाग नक्की आवडेल.

गिरगावचा_मुशाफिर

माळीणताईंच्या वर्णनाला तोड नाही, पण एक व्यावहारिक शंका आहे. लंडन सोडून एडिंबराला जाताना मधे उतरायचे, तर पाच माणसांचे सामान कुठे ठेवणार? त्या लहान स्टेशनांवर सामान ठेवण्याची सोय सहसा नसते. बॅगा घेऊन विषारी बागेत हिंडण्याची कल्पना मला फारशी आवडलेली नाही.

त्यापेक्षा लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे अरुंडेल निवडावे. व्हिक्टोरिया स्टेशनवरून गाडी मिळते, प्रवास दीड तासाच्या आसपास आहे आणि स्टेशनवरून चालत गावात पोहोचता येते. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर लगेचच, म्हणजे १०६७ च्या सुमाराला, इथली पहिली गढी उभी राहिली. आज तिथे नॉरफोकच्या ड्यूकांचे घराणे नांदते. एप्रिल ते मे या काळात ट्यूलिपचा बहर असतो. शिवाय अरुंडेलचे १४ वे अर्ल थॉमस हॉवर्ड हे मोठे कलासंग्राहक होते, त्यांच्या स्मरणार्थ २००८ साली केलेली एक बाग आहे. तिच्यातले मंडप आणि कमानी दगडाच्या न करता ओक लाकडाच्या केल्या आहेत. जाण्यापूर्वी वार मात्र तपासावा, कारण हंगामातही सोमवारी बहुतेक वेळा बंद असते.

आणि आवाराला लागून कॅसलचे स्वतःचे क्रिकेटचे मैदान आहे. १५ व्या ड्यूकांनी ते १८९५ साली तयार करून घेतले आणि इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या परदेशी संघांनी आपला पहिला सामना तिथे खेळावा, अशी प्रथा पुढे बराच काळ होती. चहूबाजूंनी झाडे, मधे हिरवळ. ज्याचे बालपण आझाद मैदानावर दहा सामन्यांच्या गर्दीत आपला चेंडू शोधण्यात गेले आहे, त्याला तिथे बसल्यावर काय वाटते ते मी वेगळे सांगायला नको.

बोरिवली_फास्ट

मुशाफिरराव, धागा कॅसलचा आहे. आपण तो नेहमीप्रमाणे क्रिकेटकडे वळवला आहे.

गिरगावचा_मुशाफिर

मैदान ड्यूकच्या मालकीचे होते, त्यामुळे विषय सुटलेला नाही.

दादरची_इतिहासवेडी

मराठी, किंबहुना भारतीय माणसाने एकच कॅसल पाहायचा असेल, तर तो वेल्समधला पॉविस असावा, असे माझे ठाम मत आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड याने १७८४ साली पॉविसच्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केले, आणि त्या नात्यातून क्लाइव्ह घराण्याचा संग्रह या वास्तूत आला. हा एडवर्ड १७९८ ते १८०३ या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला, तो याच कारकिर्दीत. टिपूचा छापील सुती कापडाचा भव्य तंबू आणि त्याच्या सिंहासनावरचे रत्नजडित सोन्याचे वाघाचे मस्तक आज तिथे पाहायला मिळते. हजाराहून अधिक भारतीय आणि पूर्वेकडच्या वस्तू तिथे आहेत. आपण शाळेत जे चार ओळींत शिकलो, त्याचा ऐवज एका खोलीत समोर मांडलेला असतो.

वाटसरूंच्या “दालने सगळीकडे सारखीच” या विधानाला माझा आक्षेप आहे तो यासाठी. दालने सारखी दिसतात, कारण आपण त्यांतल्या वस्तू तिथे कशा आल्या हे विचारत नाही.

बागेची आवड असणाऱ्यांचीही तिथे निराशा होणार नाही. लाल दगडाच्या कॅसलखाली सतराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन धर्तीवर एकाखाली एक अशा गच्च्या खोदून बाग केली आहे, आणि वरच्या गच्चीवरची यू नावाची सदाहरित झाडे तीनशे वर्षे कातरून कातरून ढगांसारखी गोलाकार झाली आहेत. खाली मोर फिरत असतात.

घाटकोपर_स्पष्टवक्ता

म्हणजे आमचाच लुटलेला माल पाहायला आम्हीच व्हिसा काढायचा, विमानाचे भाडे भरायचे आणि वर प्रवेशाचे तिकीटही घ्यायचे? यापेक्षा मी राणीच्या बागेत जाऊन पेंग्विन पाहीन.

दादरची_इतिहासवेडी

आपला राग योग्य आहे. पण न पाहता रागावणे आणि पाहून रागावणे यांत फरक आहे. १९५२ साली पॉविसच्या चौथ्या अर्लनी हा कॅसल आणि बाग नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली, त्यामुळे तिकिटाचे पैसे घराण्याच्या खिशात जात नाहीत, एवढे समाधान मानता येईल. घराण्याचा निवास मात्र आजही वास्तूच्या एका भागात आहे, म्हणजे वाटसरूंची मूळ अट पूर्ण होते.

विक्रोळीचे_अण्णा

चर्चा वाचून मौज वाटली. निवृत्तीपूर्वी करसल्लागार होतो, त्यामुळे या वास्तूंकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी रुक्ष आहे, पण बाग आधी की दालने आधी या प्रश्नाचे उत्तर मला त्या रुक्षपणातच सापडते.

ही घराणी आपली घरे लोकांना दाखवू लागली, त्यामागे मोठे कारण कराचे आहे. ब्रिटनमध्ये १८९४ साली वारसासंपत्तीवर कर लागू झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वांत मोठ्या इस्टेटींसाठी त्याचा दर ८० टक्क्यांपर्यंत गेला. जमिनीचे उत्पन्न आटलेले, नोकरचाकर युद्धानंतर परत न आलेले, छप्पर गळते आणि वडील वारले की वर हा कर. अनेकांनी वाडे पाडून टाकले, काहींनी ट्रस्टला देऊन टाकले आणि जे हुशार होते त्यांनी दार उघडून तिकीटखिडकी मांडली. इंग्लंडमधल्या लाँगलीट या वाड्याच्या मालकांनी, मार्क्विस ऑफ बाथ यांनी, १९४९ साली रीतसर व्यवसाय म्हणून घर खुले केले. पुढे लोकांना नुसत्या तसबिरी पुरेनात, म्हणून १९६६ साली त्यांनी आवारात सिंह आणून सोडले. मोटारीत बसून पाहण्याचे असे सफारी पार्क आफ्रिकेबाहेर तोवर नव्हते. नंतर १६ हजारांहून अधिक यू रोपांचा भूलभुलैयाही तिथे लावला. आजही वारसाकरात सवलत हवी असेल, तर त्या वास्तूत किंवा त्या वस्तूंपर्यंत जनतेला प्रवेश द्यावा, अशी अट सरकार घालू शकते.

आपल्याकडेही हा कर १९५३ ते १९८५ या काळात होता आणि त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. त्यातच १९७१ साली तनखे बंद झाले. आपल्या संस्थानिकांपैकी अनेकांनी राजवाड्यांची हॉटेले केली. काहींनी कोल्हापूरसारखे तळमजल्यावर संग्रहालय केले. सावंतवाडीने गंजिफांची कला जगवली. बाहेरच्या जागेचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झाला नाही. लक्ष्मीविलासची बाग लंडनच्या प्रसिद्ध क्यू वनस्पती उद्यानात काम केलेल्या विल्यम गोल्डरिंग यांनी आखली होती, पण बडोद्याला जाऊन आलेले आपले किती मित्र त्या बागेबद्दल बोलतात?

तात्पर्य, दालने ही घराण्याला वारशाने मिळालेली असतात आणि ती बदलण्याची मुभा त्यांना फार थोडी असते. बाग, हरणांचे कुरण, भूलभुलैया, ससाण्यांचे खेळ यांत मात्र हयात पिढीचा विचार, पैसा आणि कधीकधी हताशपणाही दिसतो. ते घराणे आज कसे जगते हे पाहायचे असेल, तर वाटसरूंचे म्हणणे बरोबर आहे आणि बाहेरच जास्त वेळ द्यावा. ते कसे जगत होते हे पाहायचे असेल, तर वहिनींचे बरोबर आहे.

बोरिवली_फास्ट

अण्णांनी दोन्ही पक्षांकडून फी घेतलेली दिसते.

मुलुंडचा_वाटसरू

अण्णा, आपला प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. पत्नीने शेवटचे वाक्य तेवढे दोनदा वाचायला सांगितले.

ठाण्याची_सून

एवढी लांबलांबची नावे कशाला? लंडनजवळ लीड्स कॅसल आहे, तळ्याच्या मधोमध उभा आहे आणि फार सुंदर आहे. मुलांसाठी भूलभुलैया आहे, त्याच्या मध्यातून खाली भुयारात उतरून बाहेर यावे लागते. हीवर कॅसलही जवळच आहे, आठव्या हेन्री राजाची राणी ॲन बोलिन हिचे बालपण तिथे गेले. तिथे पाण्यावरचा भूलभुलैया आहे; चुकीच्या दगडावर पाय पडला की पाणी उडते. आमची मुले भिजून चिंब झाली होती, तेव्हा कपड्यांचा एक जोड बरोबर ठेवावा.

गिरगावचा_मुशाफिर

दोन्ही स्थळे उत्तम आहेत, पण मूळ अटीत बसत नाहीत. लीड्स कॅसल लेडी बेली यांनी १९२६ साली विकत घेतला आणि त्यांच्या पश्चात तो एका प्रतिष्ठानाकडे आहे. हीवर १९०३ साली अमेरिकेहून आलेल्या धनाढ्य विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर यांनी घेतला आणि ३८ एकरांचे तळे माणसे लावून खोदून घेतले. पुढे त्यांच्या घराण्यानेही तो विकला. जाता जाता सर्वांसाठी सूचना, लीड्स कॅसल केंट परगण्यात आहे. लीड्स शहराचे तिकीट काढणारा दोनशेहून अधिक मैल दूर उतरेल.

अंधेरी_पूर्व_पश्चिम

आईंच्या गुडघ्यांबद्दल अजून कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंना घेऊन अशी काही स्थळे पाहिली आहेत. बालेकिल्ल्याच्या गोल जिन्यांच्या पायऱ्या अरुंद, झिजलेल्या आणि एका बाजूला निमुळत्या असतात. त्या वाटेला ज्येष्ठांनी जाऊ नये. पॉविसच्या गच्च्या दिसायला सुंदर आहेत, पण उतार तीव्र आहेत आणि वाटेवर खडी आहे. पुष्कळ ठिकाणी चाकांची खुर्ची विनामूल्य मिळते, मात्र ती आधी कळवून राखून ठेवावी लागते. आमच्या प्रवासी कंपनीने “सगळी सोय आहे” असे सांगितले होते. प्रत्यक्षात खुर्ची होती, पण ती दुसऱ्याच कुटुंबाने घेतली होती. त्यामुळे स्वतः ईमेल करावा आणि उत्तर छापून जवळ ठेवावे.

अनेक ठिकाणी फक्त आवाराचे तिकीटही मिळते आणि ते बरेच स्वस्त असते. दोघांनी दालने पाहावीत, आईंनी मुलांबरोबर बागेत बसावे, मग अदलाबदल करावी. हिरवळीवर बसून घरचे खायला सहसा हरकत नसते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. आणि नॅशनल ट्रस्टचा पास घेतला म्हणजे सगळीकडे चालेल असे समजू नये. इथे आलेल्या नावांपैकी तो फक्त पॉविसला चालेल.

शिवाजीपार्क_प्रभातफेरी

एडिंबराला मुक्काम आहे, तर सामानाचा प्रश्नच येणार नाही असा पर्याय कोणीच का सुचवला नाही, याचे नवल वाटते. स्कॉटलंडच्या पर्थशायरमधला ब्लेअर कॅसल पाहावा. ब्लेअर ॲथॉल हे स्टेशन पर्थ ते इनव्हरनेस मार्गावर आहे आणि कॅसल तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. पांढराशुभ्र रंग, मागे डोंगर, आणि शनिवारवाड्याशी काडीचेही साम्य नाही.

त्याच्या जन्माची कथा तर मुंबईकरांना जवळची वाटेल. १२६९ साली ॲथॉलचा अर्ल धर्मयुद्धाला गेलेला असताना शेजारच्या जॉन कॉमिनने त्याच्या जमिनीत शिरून बुरूज बांधायला घेतला. अर्लने परत आल्यावर राजाकडे तक्रार केली, जमीन परत मिळवली आणि बुरूज न पाडता आपल्याच कॅसलमध्ये सामावून घेतला. तो आजही कॉमिनचा बुरूज म्हणूनच ओळखला जातो.

आवारात भिंतीने बंदिस्त केलेली नऊ एकरांची हर्क्युलिस बाग आहे. तिच्यात तळी, फळझाडे आणि भाजीचे वाफे आहेत आणि वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत. डायनाच्या राईत ब्रिटनमधल्या सर्वांत उंच वृक्षांपैकी काही आहेत, साठ मीटरच्या आसपासचे. लाल हरणांचे कुरण आहे, मुलांसाठी खेळाचे मैदान आहे. १९३६ साली, म्हणजे अण्णांनी सांगितलेल्या लाटेच्या आधीच, हे घर लोकांना खुले झाले होते. आणि यांच्याकडे स्वतःचे सैन्य आहे! व्हिक्टोरिया राणी १८४४ साली इथे राहून गेली आणि पुढच्या वर्षी तिने ॲथॉल हायलँडर्सना निशाण दिले. युरोपातले एकमेव कायदेशीर खासगी सैन्य म्हणून ते ओळखले जाते. मेच्या अखेरच्या शनिवार-रविवारी त्यांचे संचलन आणि खेळ असतात.

घाटकोपर_स्पष्टवक्ता

शेजाऱ्याचे अतिक्रमण मालकानेच नियमित करून घेतले, हे वाचून माझा ब्रिटनवरचा राग पुष्कळ कमी झाला. पण ड्यूक तिथे राहतो का? मूळ अट तीच होती.

शिवाजीपार्क_प्रभातफेरी

नाही. दहाव्या ड्यूकांना अपत्य नव्हते, त्यामुळे पद दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या दूरच्या नातेवाइकाकडे गेले आणि वास्तू व इस्टेट एका न्यासाकडे राहिली. ड्यूक दक्षिण आफ्रिकेत राहतात, पण आपल्या सैन्याच्या संचलनासाठी येण्याची प्रथा त्यांनी पाळली आहे. आपल्याकडे गावाच्या जत्रेला मुंबईहून मानकरी जातात, त्यातलाच हा प्रकार.

दादरची_इतिहासवेडी

म्हणजे अटीत हाही बसत नाही. पॉविस बसतो. मी फक्त नोंद करून ठेवते.

मुलुंडचा_वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवताना हा सगळा धागा घरच्यांपुढे मांडला. अरुंडेल मला स्वतःला फार आवडला होता, पण ट्यूलिप तोवर संपत आलेले असतील आणि क्रिकेटच्या मैदानाला घरातून एकच मत मिळाले. ॲनिकला धाकट्याचे मत होते, मात्र सामानाचा प्रश्न सुटेना. पॉविसबद्दल पत्नी गंभीरपणे विचार करत होती. आईच्या गुडघ्यांमुळे या वेळी तो मागे ठेवला आहे.

ब्लेअर ठरला आहे. अटीबद्दल आईने असा निवाडा दिला, की जो माणूस परदेशात राहूनही वर्षातून आपल्या माणसांसाठी येतो, त्याचा घराशी संबंध नाही असे म्हणू नये. मी त्यावर वाद घातला नाही. पत्नी आणि थोरली मुलगी दालने सावकाश पाहतील, आई आणि मी धाकट्याला घेऊन हर्क्युलिस बागेत थांबू, नंतर अदलाबदल. आता एकच प्रश्न उरतो: संचलनासाठी शनिवारी जावे की खेळांसाठी रविवारी? आणि दालने सकाळी पाहावीत की दुपारी?

शिवाजीपार्क_प्रभातफेरी

शनिवारी जावे. रविवारी त्या मार्गावर गाड्या कमी असतात आणि परतीची गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी बराच वेळ ताटकळावे लागते. संचलनाची वेळ आणि त्या दिवशी दालने कधी खुली आहेत, हे कॅसलच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या तारखांसह पाहून घ्यावे. आत शेवटचा प्रवेश आवार बंद होण्याच्या बराच आधी असतो, त्यामुळे सकाळी पाऊस असेल तर आधी आत जावे आणि ऊन असेल तर आधी बागेत. परतीचे आरक्षण आधीच करावे.

खिडकीपाशी_बसणारी

म्हणजे छत्र्या पाच.